चार नंबरचा माग

अस्मितानं वडिलांच्या, अण्णांच्या कानांवर हेडफोन चढवले.

अण्णांचे बाराही यंत्रमाग गेल्या वर्षी भंगारात गेले. गाडी यायच्या आदल्या दिवशी तिनं त्यांचा खडखडाट गुपचूप रेकॉर्ड केला होता. तो कापून, ताणून, दहापट संथ करून तिनं अल्बम केला. आता ती खडखड समुद्राच्या गाजेसारखी घुमत होती. जन्मभर मागावर उभा राहिलेला माणूस याला काय म्हणणार?

अण्णांनी डोळे मिटले.

“हा आपला चार नंबर,” ते म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला.

“पण हा इतका वेळ न थांबता कधी चालायचा? ऊठसूट सूत तोडायचा लेकाचा.”

“तेव्हाही तुटलं होतं, अण्णा. माग थांबला तेवढा भाग मी काढला आणि मागचं-पुढचं जोडलं.”

“कुठं?”

तिनं तो तुकडा पुन्हा लावला. कापड तपासताना फिरायचा तसा अण्णांचा अंगठा बोटांवरून फिरू लागला.

“छे,” अण्णा हसले, “गाठ लागत नाही हाताला.”