तळाशी त्र्याहत्तर

"एकाहत्तर," भीमाचार्य म्हणाले. "कालपासून चार वाढले. पण पान उघडायला पन्नास सेकंद लागतात गं. तेवढ्यात मूल उठून खेळायला जाईल."

हर्षिताने घड्याळ लावून मोजलं. बावन्न.

तिच्या वडिलांनी, भीमाचार्यांनी, आनेकलच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, त्यांनी प्रयोगशाळा नसलेल्या शाळांसाठी चाळीस प्रयोग लिहून काढले: बाटली, मेणबत्ती, लिंबू एवढ्यावर होणारे. हर्षिताने ते वेबसाइटवर चढवले. त्यासाठी आपल्या ऑफिसच्या मशीनवर जागा दिली त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, रघुपतीने. महिनाअखेरपर्यंत पाचशे माणसं आली तर जागा कायमची, नाहीतर दुसऱ्या कुणाला.

"किती आले तो आकडा पानाच्या तळाशी दिसेलच, मेष्ट्रे," तो गुरुजींना म्हणाला होता.

उशीर का होतो ते हर्षिताने शोधून काढलं. कुणीही पान मागितलं की प्रोग्रॅम सगळे प्रयोग वाचून, आकृत्या लावून ते नव्याने रचायचा. पान तर सगळ्यांना एकच हवं होतं. तिने एकदा रचलेलं पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मशीनवर साठवून ठेवलं. येईल त्याला तेच तयार पान.

"तीन सेकंद!" भीमाचार्य खुर्चीतून उठलेच. "आता बघ, रांग लागते की नाही."

आकडा त्र्याहत्तरवर थांबला.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. नव्या प्रयोगाचा कागद कोराच राहिला.

"लिंबातून वीज काढण्यापेक्षा लोक सरबत करतील हो," अहल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या. एरवी ते हसले असते.

महिना संपायला चार दिवस असताना रघुपती त्यांच्या हेब्बाळच्या घरी आला.

"जागा देऊन टाक रे कुणाला तरी," भीमाचार्य म्हणाले. "त्र्याहत्तर जण आले. माझ्या वर्गात त्याहून कमी असायचे."

"स्वल्प थांबा, मेष्ट्रे. चार दिवस आहेत."

"कशाला? मी रोज दोनदा उघडून बघतो. सकाळी त्र्याहत्तर, संध्याकाळी त्र्याहत्तर."

हर्षिता कॉफी ओतायची थांबली.

"अण्णा, रोज दोनदा? तुम्ही स्वतः?"

"मग आणखी कोण?"

"मग तुम्ही तरी मोजले जायला हवे होतात. तळाचा आकडाही मी पानाबरोबर साठवून ठेवला!"

ती रघुपतीकडे वळली. "तुमच्या मशीनवर प्रत्येक मागणीची वेगळी नोंद राहते ना? आमच्या पानाची बघायला सांगाल?"

रघुपतीने ऑफिसला फोन लावला. बराच वेळ "सरी, सरी" असा होकार देत ऐकलं. मग वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहिलं, पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि फोन ठेवला.

"मेष्ट्रे," तो म्हणाला, "चार हजार दोनशे अठरा."