करंजघाटातलं वळण

अपघातानंतर पहिल्यांदाच विलास धुमाळ प्रवाशांची बस घेऊन करंजघाट उतरत होता. कपाळावरची पट्टी त्याच्या मेंदूतले तरंग वाचायची आणि भीती वाढली की कानात गुणगुण सुरू करायची. श्वास संथ करून ती गुणगुण शमवायला तो दवाखान्यात शिकला होता. ती फारच चढली, तर मात्र बस आपोआप थांबणार होती आणि स्टिअरिंग पुन्हा त्याच्या हाती येणार नव्हतं.

अपघात झाला होता ते दरीकडचं वळण दिसलं आणि गुणगुण चढू लागली. श्वास लांबवूनही ती उतरेना.

"रेखाताई," तो मागे न बघता म्हणाला, "मला भीती वाटतेय."

कंडक्टर रेखा त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. अपघाताच्या दिवशीही तीच त्याच्या गाडीवर होती.

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "सकाळपासूनच. घरी कुणाला बोलले नाही."

इतक्या महिन्यांत विलासने हे कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. गुणगुण थांबली नाही, पण आणखी चढलीही नाही.

"दुसरा टाका," रेखा आधाराचा दांडा घट्ट धरत म्हणाली. "सावकाश जाऊ."

त्याने गिअर बदलला आणि बस वळणावर घातली.