वाळूतली वाडी

काकासाहेब पाटलांनी नदीकडे जाणारी गाडीवाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली, तेव्हा वाळूतली कलिंगडं ऐन तोडीला आली होती.

वाट त्यांच्याच उसातून जात होती, त्यामुळे त्यांना बोलणार कोण? वाट बंद करण्याचं कारण सगळ्या पुणतांब्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको चांगुणा घर सोडून नदीवर राहायला गेली होती. मनकर्णाबाईकडे.

मनकर्णाला नवऱ्यानं टाकली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. टाकताना पोटापुरता म्हणून नदीकाठचा एक खडकाळ तुकडा तिला मिळाला. त्यात बाजरीसुद्धा धड येईना. मग ती उन्हाळ्यात नदीच्या वाळूत चर खणून, शेणखत भरून कलिंगडं लावायला शिकली. एकटीनं छप्पर घातलं, एकटीनं बैल हाकले. कुणाच्या दारात हात पसरला नाही. कुंकू मात्र रुपयाएवढं लावायची.

चांगुणाचं तसं नव्हतं. पाटलाचं घर, दारात दुभती जनावरं, अंगावर सोन्याचे डाग. मुलाचं, गोरक्षनाथाचं, लग्न झालं, सून घरात आली, आणि आठवड्याच्या आत चांगुणानं किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात ठेवला. चार लुगड्यांचं गाठोडं उचललं आणि ती थेट नदीवर आली.

"काय काम मिळंल का, बाई?"

मनकर्णानं तिला खालीवर न्याहाळलं. एका गावात राहून दोघी आजवर एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"काम लई हाय. पर पाटलीनबाईला जमायचं न्हाई."

"पाटलीन घरी ठिवून आले."

मनकर्णानं तिच्या हातात खुरपं दिलं.

पुढची दोन वर्षं दोघी त्या छपरात कशा राहिल्या, हे नदीवर धुण्याला येणाऱ्या बायका अजून सांगतात. भाकरी कुणी थापायची यावरून रोज भांडण. भांडण मिटलं की मीठ लावून कलिंगड. कमरेला वाळके भोपळे बांधून मनकर्णानं चांगुणाला पोहायला शिकवलं. पन्नाशी उलटलेली बाई काष्टा घट्ट मारून डोहात उतरायची, नाकातोंडात पाणी जायचं, तरी हसत सुटायची. जत्रा आली की बैलगाडी जुंपायची आणि दोघींनीच जायचं. कासरा आळीपाळीनं धरायचा.

"ह्या वयात हे ढंग!" गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या.

"ह्या वयात न्हाई तर कंदी? सरनावर?" चांगुणा विचारायची.

काट्या टाकल्यावर दुसऱ्या दिवशी काकासाहेब स्वतः काट्या बाजूला सारून गाडी घेऊन आले. त्यांना पाहताच मनकर्णानं डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली. त्यांच्याशी ती बोलत नसे. चांगुणाला म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, बैल सावलीला बांधा. मुक्या जनावराचा काय गुन्हा?"

काकासाहेब खाली उतरले नाहीत.

"चांगुणे, घरी चल. तू आलीस की वाट मोकळी."

"सून हाय की घरात."

"सून गेली गोरक्ष्यासंगं कारखान्याच्या चाळीत. चूल थंड पडलीय. दोन महिनं झालं, शेवचिवडा खाऊन दिस काढतोय मी."

"शेव बरी असती. चावायचा तरास न्हाई."

"थट्टा नको करू! ही कलिंगडं हितंच सडतील. मग खाशील काय? ह्या बाईनं फितवलं तुला, कळतंय मला."

मनकर्णाची पाठ हलली नाही.

"आठ दिसांची मुदत," काकासाहेब म्हणाले आणि गाडी वळवली.

त्या संध्याकाळी चांगुणा वाडीतून फिरून आली. वाडीभर हिरवी फळं पसरली होती. ती सडली तर वर्षभर खायला काही नव्हतं, आणि ते तिच्यामुळे होणार होतं.

"बाई, मी जाते," ती शेवटी म्हणाली. "माझ्यापायी तुझं नुकसान नको."

"जायचं आसंल तर जा. पर माझं नाव फुडं करू नको," मनकर्णा म्हणाली. मग तिनं जवळचं एक कलिंगड उचललं आणि डोहात भिरकावलं. ते बुडालं, वर आलं, आणि डुलत राहिलं.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

सकाळी त्यांनी जुनं जाळं काढलं. त्यात कलिंगडं भरली, तोंड दोरीनं आवळलं, आणि ते गाठोडं ढकलत दोघी पोहत पैलतीराला गेल्या. पलीकडे वैजापूरच्या बाजाराला जाणारे गाडीवान माल घ्यायला तयारच होते. पहिल्या खेपेला चांगुणाला धाप लागली. तिसऱ्या खेपेला ती मनकर्णाच्या पुढे होती. चार दिवसांत घाटावर ही मजा बघायला गर्दी जमू लागली. पोरं शिट्ट्या मारायची. बायका वरून ओरडायच्या, "दम धर गं चांगुणे!"

मुदत संपली त्या दिवशी काकासाहेब पुन्हा आले, तेव्हा वाडीत फक्त वेल उरले होते. दोघी नुकत्याच पाण्यातून वर येऊन लुगडी पिळत होत्या. घाटावरची माणसं पुढे सरकली.

"शेवटचं इचारतो," ते म्हणाले. "येतीस का न्हाई?"

"न्हाई."

"मग ऐक. मला अजून सोयरिकी येत्यात. येत्या अक्षयतृतीयेला दुसरी करून आनतो! मग रडत आलीस तरी दार उघडनार न्हाई."

चांगुणाचा चेहरा उतरला.

मनकर्णा वळली. तिनं डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि ती तीस वर्षांत पहिल्यांदा काकासाहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली.

"दुसरी न्हवं, तिसरी. पयली मी, दुसरी ही. तिलाबी हिकडंच धाडा. वाडीला एक मानूस कमीच पडतंय आमाला."