कादंबरीतली आई

कादंबरीतली मेलेली आई रोज तिन्हीसांजेला घरी येते. ती कशाचं प्रतीक, असं अर्पिता मॅडमनी बोरी गावातल्या बारावीच्या वर्गाला विचारलं.

“अपराधी भावनेचं,” शिवप्रसादनं गाइडातलं उत्तर फेकलं.

“कशाचंच न्हाई, मॅडम,” पिंकी म्हणाली. “तिला लेकरं बघायची असत्यात, म्हणून येती.”

“तुह्या घरी येती का गं?” शिवप्रसाद हसला.

“येती की. मागल्या साली ऊसतोडीवर वारली, तवापासून रोज येती. आत येऊन चुलीपाशी बसती.”

“परीक्षेत मात्र प्रतीकच लिहायचं,” मॅडमनी बजावलं.

चाचणीत पिंकीनं पुन्हा तेच लिहिलं. मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली लाल शाईनं विचारलं :



“माझी मुलगी उंबऱ्यापाशीच थांबते गं. तुझी आई आत कशी येते?”