खटक्यांचे शब्द

"ताई, खरखर गेली बघा," संगणक दुरुस्त करणारे पोंक्षे अभिमानाने म्हणाले. "आवाजाची चिपच नवी टाकली."

कुमुदताईंनी लेकीचा आठ-बिट संगणक सुरू केला. हल्ली कुणाचाही आवाज हुबेहूब बनवता येई, म्हणून कोर्ट रेकॉर्डिंग मानत नव्हतं. अपवाद फक्त या जुन्या यंत्रांचा, कारण त्यांतल्या प्रत्येक चिपची खोड वेगळी असे आणि तिची नक्कल जमत नसे. आपल्या जिवावर कोण उठलंय, ते लेकीने मरण्याआधी यात सांगून ठेवलं होतं. उद्या सुनावणी होती. नीट ऐकू यावं, एवढंच कुमुदताईंना हवं होतं.

फाइल चालू झाली, पण आवाज आला नाही.

पोंक्षेंनी लेकीचा प्रोग्रॅम वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "जुनी चिप आवाज कमीजास्त करताना खटकायची, खट्ट वाजायची. तिने त्या खटक्यांमधूनच शब्द काढलेत. नवी खटकतच नाही."

"मग जुनी बसवा."

खराब चिप कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून तिचे तारेसारखे पाय काढल्याबरोबर मोडून टाकायचे, ही पोंक्षेंची चाळीस वर्षांची शिस्त. त्यांनी टेबलावरची बशी पुढे सरकवली.

कुमुदताई बशीतले त्या पायांचे अठ्ठावीस तुकडे बोटाने जुळवत बसल्या.