टकटक

खोलीचं दार उघडून ती बाहेर आली ती फोन कानाला लावूनच. ध्यानवर्गातल्या मैत्रिणीला कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. "अगं, आज 'मी' म्हणून कोणी उरलंच नव्हतं. मधेच दारावर टकटक झाली, तरी मन तसूभर ढळलं नाही. मुक्ती म्हणतात ती हीच." बोलता बोलता पाय ओला झाला. भिंतीला चिकटून चार वर्षांची लेक उभी होती, पायजमा भिजलेला. ध्यानाला बसायच्या घाईत आईनेच आवळलेली नाडी इवल्या बोटांना सुटली नव्हती. "हाक नाही मारली आई, हळूच वाजवलं," लेक कुजबुजली. "तुझी मुक्ती मोडली का?" पलीकडे मैत्रीण कौतुक करतच होती. आईने फोन ठेवला, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि गाठ सोडवू लागली. मान वर होईना. "रडू नकोस, आई. मी कुणाला नाही सांगणार."