आजी झोपलेली होती

"परत चुकलीस," आजी म्हणाली. "'झोपली' नाही. 'झोपलेली होती'. दोर्मीआ."

"दोर्मीआ," कासिल्दाने दातओठ खात लिहिलं. कालपासून हेच चाललं होतं. उद्या स्पॅनिशची फेरपरीक्षा, आणि नापास झाली तर पुन्हा त्याच वर्गात, वर्षाने लहान पोरांच्या शेजारी. झुरिचमध्ये वाढून स्पेनमधल्या शाळेत आल्याची ही शिक्षा. त्यात आजीने आज तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं आणि तिथली नवी गलेलठ्ठ उशी मेली नुसती टोचत होती.

"काय फरक पडतो गं आजी? झोपली काय, झोपलेली होती काय."

"'झोपली' म्हटलंस की कुणीतरी विचारणारच, मग उठली कधी? 'दोर्मीआ'ला ना सुरुवात, ना शेवट. नुसती झोपच झोप. म्हण पुढे."

"रविवारी दुपारी ऊन कडक होतं. आजी झोपलेली होती. मी शेजारी वाचत होते. आजी घोरत होती."

"घोरणं कुठून आलं?"

"बारकावे घाल, असं तूच म्हणालीस."

"असू दे. शोभतंय."

कासिल्दाने पेन आपटलं. "पुस्तकात समुद्र आहे, मांजर आहे, शाळा आहे. आपण दोन दिवस एकच रविवार दळतोय. आणि रविवारी मी उठले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती."

"हे व्याकरण आहे पोरी, पाद्र्यापुढची कबुली नाही. पुन्हा म्हण. अडखळू नकोस."

कासिल्दाने मनातल्या मनात पाद्र्यालाच शिव्या घातल्या. एकतीस वर्षं मिरवणुकीसाठी चर्चमधली मारियामातेची मूर्ती सजवण्याचा मान आजीचा. यंदा त्याने तो समोरच्या घरातल्या फुएन्सिस्लाबाईला दिला, आणि सगळा राग निघतोय कुणावर? नातीवर. तिने वाक्यं आणखी सहा वेळा म्हटली. शेवटी तर झोपेतही म्हणेल, अशी पाठ झाली.

तेवढ्यात दार वाजलं. गावचा सार्जंट टोपी काखेत धरून आत आला. मागे फुएन्सिस्लाबाई, रडून डोळे सुजलेल्या.

"एउलोखिआबाई, माफ करा, सगळ्यांनाच विचारतोय," सार्जंट आजीला म्हणाला. "रविवारी दुपारी मारियामातेचा जरीचा शेला चर्चमधून नाहीसा झाला. अख्खं गाव दुपारच्या झोपेत, कुणी काही पाहिलं नाही. तुम्ही कुठे होतात?"

आजीने कासिल्दाकडे पाहिलं.

"ऊन कडक होतं," कासिल्दाच्या तोंडून आपोआप निघालं. "आजी झोपलेली होती. मी शेजारी वाचत होते. आजी घोरत होती."

सार्जंटला हसू फुटलं. त्याने वही मिटली. "पोरगी आता आपल्यासारखी बोलायला लागली की."

"उद्या परीक्षा आहे तिची," आजी म्हणाली. "तू उठू नकोस गं. बस तशीच."

कासिल्दा बसून राहिली. उशीच्या शिवणीतून बोटभर सोनेरी जर बाहेर आली होती. तिने हळूच त्यावर स्कर्ट ओढला.